पाऊणकी, भरती आणि तीन मिनिटांचा फरक

दाभोळच्या खाडीकाठी आमचं घर. माझ्या लहानपणी भरती कधी येणार हे बघायला घरात छापील तक्ता नव्हता. आजोबा ओटीवरून आत हाक द्यायचे, "आज तिथी काय गो?" आजी चुलीपाशी बसून सांगायची, "चतुर्थी." लगेच आजोबा म्हणायचे, "म्हणजे तीनला भरती." अष्टमी असेल तर सहा, दशमी असेल तर साडेसात. बोटं न मोडता, क्षणभरही न थांबता. पुढे कळलं की ही विद्या एकट्या आजोबांची नव्हती. किनाऱ्यावर कुणालाही विचारा, उत्तर येतं: तिथीची पाऊणपट.

या एका वाक्यात शाळेतले दोन धडे दडलेले आहेत. एक दहावीतली अंकगणिती श्रेढी आणि दुसरा प्राथमिक शाळेतली अपूर्णांकांची तुलना. माझा भाचा यंदा दहावीला आहे. श्रेढीचं सूत्र त्याला तोंडपाठ होतं, पण क्रमांकातून एक का वजा करायचा हे मात्र सांगता येईना. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला आधी पाऊणकी म्हणायला शिकवलं.

पूर्वी मुलं पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही पाठ करत. औट म्हणजे साडेतीन. हे सगळे अपूर्णांकांचे पाढे. पाऊणकी अशी चालते: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा, पावणेसात, साडेसात, सव्वाआठ, नऊ, पावणेदहा, साडेदहा, सव्वाअकरा. मोजून पंधरा आकडे. पक्षातल्या तिथीही पंधराच. आता हेच आकडे घड्याळाच्या वेळा म्हणून वाचा. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड वाजता, तृतीयेला सव्वादोनला. मराठीत पाऊण, दीड आणि सव्वादोन हे आकडेही आहेत आणि वेळाही, त्यामुळे पाढा म्हटला की भरतीचा तक्ता आपोआप म्हणून होतो. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून सुरुवात. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून चतुर्थीचे तीन दुपारचे आणि जवळपास तेच पहाटेचेही.

मला ही रचना फार सुंदर वाटते.

पाऊणकीत प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याहून पाऊणने मोठा असतो. पावणेचारातून तीन काढा, पाऊण उरतो. नऊमधून सव्वाआठ काढा, पाऊणच. लागोपाठच्या दोन आकड्यांमधला फरक कुठेही तपासला तरी सारखाच निघतो, तेव्हा त्या रांगेला अंकगणिती श्रेढी म्हणतात. रांगेतला प्रत्येक आकडा म्हणजे पद आणि तो न बदलणारा फरक म्हणजे साधारण फरक. एवढीच व्याख्या.

श्रेढीतलं कितवंही पद काढायची युक्ती शिकायला मी भाच्याला माडांखाली नेलं. आमच्या आगरात गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून माडांची एक रांग आहे. माडांत पंचवीस फूट, म्हणजे सुमारे साडेसात मीटर, अंतर ठेवावं अशी शिफारस असते. आमच्या रांगेतला पहिला माड गडग्यापासून दहा फुटांवर आहे. त्याला विचारलं, "दहावा माड गडग्यापासून किती फुटांवर?"

"दोनशे साठ," तो म्हणाला. दहा पंचवीस अडीचशे, अधिक दहा.

मी म्हटलं, "चालत जा आणि अंतरं मोज. माड मोजू नकोस, मधल्या मोकळ्या जागा मोज."

तो गेला, दहाव्या माडाला हात लावला आणि तिथूनच ओरडला, "मावशी, नऊच आहेत!"

त्या सूत्रात एक वजा करतात तो यासाठी. माड दहा असले तरी त्यांच्यामधली अंतरं नऊच असतात. पहिल्या माडापर्यंत यायला एकही उडी लागत नाही, दुसऱ्यापर्यंत एक लागते, दहाव्यापर्यंत नऊ. म्हणून दहावा माड १० + ९ × २५ म्हणजे २३५ फुटांवर. हवं ते पद काढायचं तर क्रमांकातून एक वजा करा, त्याला साधारण फरकाने गुणा आणि गुणाकारात पहिलं पद मिळवा. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत हाच नियम दिला आहे. त्यांचे शब्द आजच्यापेक्षा मला जवळचे वाटतात. पहिल्या पदाला ते मुख म्हणतात, वाढीला चय आणि शेवटच्या पदाला अंत्यधन.

तो परत आल्यावर उलटा प्रश्न टाकला. समजा गडग्यापासून तिसरा माड ६० फुटांवर आहे आणि आठवा १८५ फुटांवर. दोन माडांतलं अंतर किती? तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत पाच अंतरं आणि वाढ १२५ फूट, म्हणजे एक अंतर २५ फूट. पहिला माड हवा तर तिसऱ्यापासून दोन अंतरं मागे यायचं, ६० वजा ५०, म्हणजे दहा. कोणतीही दोन पदं कळली की सगळी रांग हाताशी येते. परीक्षेत या प्रकाराची उदाहरणं दोन समीकरणं मांडून सोडवायला लावतात. समीकरणं मांडावीत, पण त्याआधी रांगेतून एकदा मनाने चालून यावं. चुका खूप कमी होतात.

मग भाच्याला एक अडचण आली आणि ती खरी होती. पाऊणकीत दहावं पद काढताना आपण सरळ दहा गुणिले पाऊण करतो. मग एक वजा करायचा राहतो कुठे? तो कुठेच जात नाही. पाऊणकीचं पहिलं पदही पाऊणच आहे आणि फरकही पाऊणच. पाऊण अधिक नऊ वेळा पाऊण म्हणजे दहा वेळा पाऊण. पाढा म्हणजे जिचं पहिलं पद आणि साधारण फरक एकच असतात अशी श्रेढी. पहिला माड गडग्यापासून बरोबर पंचवीस फुटांवर असता, तर तिथेही दहा पंचवीस करून भागलं असतं.

उलट दिशेनेही विचारता येतं. भरती साडेसातला हवी, तर तिथी कोणती? साडेसातात पाऊण किती वेळा बसतात ते बघा: दहा, म्हणजे दशमी. आणि बरोबर आठला? आठला पाऊणने भागलं तर १० २/३ येतात. तिथी काही दोन तृतीयांश नसते. म्हणून आठ हा आकडा पाऊणकीत नाही. तो दशमीचे साडेसात आणि एकादशीचे सव्वाआठ यांच्या मधे पडतो. दिलेली संख्या श्रेढीत आहे का, या प्रश्नाचं उत्तर असंच काढतात. क्रमांक पूर्ण आला तर आहे, नाही आला तर नाही.

आता पौर्णिमेची भरती किती वाजता? पंधरा पाऊणा सव्वाअकरा, म्हणून सव्वाअकराला. पण पौर्णिमेनंतर मोजणी नव्याने सुरू होते. प्रतिपदा हे पहिलं पद, पाऊण वाजता. त्याच्या एक पाऊण मागे गेलं की बारा वाजतात, म्हणजे त्या बाजूने पाहिलं तर पौर्णिमेची भरती बाराला. एकाच दिवसाच्या दोन वेळा निघाल्या आणि त्यांच्यात पाऊण तासाचा फरक. पाऊण तासाच्या अंतराने समुद्र दोनदा भरत नाही, म्हणजे चूक आपल्या हिशेबातच कुठेतरी आहे. ती शोधायची तर अपूर्णांकांकडे वळावं लागतं.

भरती मुख्यतः चंद्रामुळे येते. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत चंद्र सूर्याच्या संदर्भात आकाशात एक पूर्ण फेरी मारतो, ३६० अंशांची. तिचे तीस सारखे भाग म्हणजे तीस तिथी, दर तिथीला १२ अंश. घड्याळाचे २४ तास म्हणजेही एक पूर्ण फेरी, तासाला १५ अंश. तेव्हा दर तिथीला भरती १२/१५ तासाने पुढे सरकते. अंश आणि छेद दोन्हींना तीनने भागा, ४/५ तास. आजोबांचा पाऊण म्हणजे ३/४ तास. शिवाय भूगोलाच्या पुस्तकात वाचतो की भरती रोज ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे ५/६ तास. अपूर्णांक तीन झाले. मोठा कोणता?

इथे मुलांना हमखास अडखळताना पाहिलं आहे. पाच चारापेक्षा मोठा, म्हणून १/५ हा १/४ पेक्षा मोठा असणार, असं त्यांना वाटतं. एक घावन चौघांत वाटलं आणि तसंच दुसरं पाच जणांत, तर कुणाच्या ताटात मोठा तुकडा पडेल? खाणारे वाढले की तुकडा लहान होतो. हे एकदा पक्कं झालं की आमच्या तीन अपूर्णांकांत किती आहे याऐवजी किती उणं आहे ते बघा. ३/४ ला पूर्ण व्हायला १/४ कमी आहे, ४/५ ला १/५, ५/६ ला १/६. सर्वांत लहान तुकडा ५/६ ला कमी पडतोय, म्हणून तोच सर्वांत मोठा. मग ४/५ आणि शेवटी ३/४. कागदही लागला नाही.

दुसरा मार्ग घड्याळाचा. तासाची साठ मिनिटं हा चार, पाच आणि सहा तिघांनाही चालणारा छेद आहे. ३/४ म्हणजे ४५ मिनिटं, ४/५ म्हणजे ४८, ५/६ म्हणजे ५०. तिरक्या गुणाकाराची पद्धतही हेच करते. ३/४ आणि ४/५ साठी तीन पाचे पंधरा, चार चोक सोळा, म्हणून दुसरा मोठा. पण शाळेत ती जादूसारखी शिकवतात आणि तिच्यामागचं सांगायचं राहून जातं. ते पंधरा आणि सोळा म्हणजे विसावे भाग आहेत, १५/२० आणि १६/२०. चार आणि पाच यांचा गुणाकार वीस. दोन्ही अपूर्णांक त्याच मापाने मोजले आणि मग वरचे आकडे ताडून पाहिले. दोघांत १/२० तासाचा फरक, म्हणजे तीन मिनिटांचा.

तीन मिनिटांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण श्रेढीत फरक साठत जातो. प्रतिपदेला तीन मिनिटं, द्वितीयेला सहा, अष्टमीला चोवीस. ही चूकसुद्धा एक अंकगणिती श्रेढीच आहे आणि तिचं पंधरावं पद आहे ४५. मघाशी पौर्णिमेला पाऊण तास हरवला होता तो इथे सापडतो. चार पंचमांशाने पंधरा तिथी मोजल्या तर बरोबर बारा तास होतात आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी येतात.

मग जुन्या लोकांनी चार पंचमांश का धरला नाही? याचं उत्तर मला भाषेत आणि नाण्यांत दिसतं. आपल्याकडे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांना घरगुती नावं आहेत. चार पंचमांशाला तसं नाव नाही आणि त्याचा पाढाही कुणी रचलेला नाही. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा पाऊण रुपया म्हणजे बरोबर बारा आणे. चार पंचमांश रुपयाचे पूर्ण आणेच होत नाहीत. जो अपूर्णांक जिभेवर आणि हिशेबात होता, तोच समुद्रालाही लावला गेला.

पन्नास मिनिटांचं कोडं सोपं आहे. अठ्ठेचाळीस मिनिटं ही एका तिथीची चाल आहे आणि तिथी सरासरीने दिवसाहून थोडी लहान असते, सुमारे २३ तास ३७ मिनिटांची. एका दिवसाच्या भरतीपासून दुसऱ्या दिवसाच्या त्याच भरतीपर्यंत मात्र सुमारे २४ तास ५० मिनिटं जातात. तेवढ्या वेळात एका तिथीहून थोडं जास्त सरकणं होतं, म्हणून पन्नास. दोन्ही आकडे खरे, मोजण्याची फूटपट्टी वेगळी.

आणखी एक गोष्ट आजोबा नेहमी सांगत. त्यांचा हिशेब खाडीच्या तोंडाशी लागू पडतो, खाडीत आत गेलं की भरती उशिरा येते. आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडच्या बंदरांत ती मुंबईपेक्षा थोडी आधीही येते. श्रेढीच्या भाषेत सांगायचं तर जागा बदलली की पहिलं पद बदलतं, साधारण फरक तोच राहतो. पहिलं पद किनारा ठरवतो, फरक चंद्र ठरवतो. खाडीत आतल्या एखाद्या धक्क्यावर भरती तासभर उशिरा येत असेल, तर प्रतिपदेला पावणेदोन, द्वितीयेला अडीच, तृतीयेला सव्वातीन. वाढ अजूनही पाऊणच, पण हा आता पाढा राहिला नाही. इथे दशमीची वेळ काढायला माडांच्या रांगेसारखा एक वजा करावाच लागतो: पावणेदोन अधिक नऊ पाऊण, म्हणजे साडेआठ.

अपूर्णांकांच्या तुलनेची एक गोष्ट आंब्याचीही सांगते. गेल्या मोसमात आम्ही मुंबईला दोन पेट्या पाठवल्या, एक पाच डझनांची आणि एक चार डझनांची. पहिलीत सात आंबे खराब निघाले आणि दुसरीत सहा. घरात सगळे म्हणाले, पाच डझनांची पेटी जास्त खराब गेली. मोजून बघू. ७/६० आणि ६/४८. सहा अठ्ठेचाळीसांश म्हणजे एक अष्टमांश, म्हणजेच ७/५६. आता दोन्हींच्या वर सातच आहेत. साठातले सात की छप्पन्नातले सात? छप्पन्नातले जास्त. म्हणजे चार डझनांची पेटीच जास्त खराब गेली होती. दरवेळी छेदच सारखे करायला हवेत असं नाही, अंश सारखे करूनही काम होतं. कधी अर्ध्याशी ताडून पाहिलं तरी पुरतं. ३/७ आणि ५/९ घ्या. साताचं अर्धं साडेतीन, तीन त्याहून कमी. नवाचं अर्धं साडेचार, पाच त्याहून जास्त. म्हणून ५/९ मोठा.

पाणी कोणत्या तासाला किती चढतं, यासाठीही दर्यावर्दी लोक अपूर्णांकच वापरतात. ओहोटी संपल्यापासून पूर्ण भरतीपर्यंत सुमारे सहा तास बारा मिनिटं लागतात. ढोबळ नियम असा: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा पाणी सहा फूट चढणार आहे. तर अर्धा फूट, एक, दीड, दीड, एक, अर्धा. पहिले तीन आकडे म्हणजे निमकी, पुढचे तीन तिचीच उलटी चाल. मधल्या दोनच तासांत ६/१२, म्हणजे निम्मं पाणी येतं. मुळे, कालवं असे शिंपले काढायला खडकांवर गेलेली माणसं अडकतात ती याच वेळात. पहिल्या तासाचा संथ वेग पाहून वाटतं, अजून खूप वेळ आहे. वेग सारखा राहत नाही. मी लहान असताना एकदा अशीच खडकावर थांबले होते. घोट्याएवढं पाणी बघता बघता मांडीपर्यंत आलं आणि आईने हाताला धरून ओढत किनाऱ्यावर आणलं.

भरतीची वेळही खरं तर तंतोतंत अंकगणिती श्रेढीत येत नाही. सूर्यही पाण्याला ओढतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत भरती रोज पस्तीस-चाळीस मिनिटांनीच पुढे सरकते आणि अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी चढाच्या भरतीला, तासाहून जास्त. सरासरी पन्नासची, रोजचा आकडा वेगळा. तिथीही कधी वीस तासांचीच असते, तर कधी सव्वीसहून मोठी. त्यामुळे पाऊणकी पक्षाच्या पहिल्या निम्म्यात बऱ्यापैकी जवळ राहते आणि अष्टमी उलटली की मागे पडू लागते. म्हणूनच होडी काढायची असेल किंवा पोरांना घेऊन खडकांवर जायचं असेल, तर छापील तक्ता बघूनच जा. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदवली जाते. अशा लांबलचक नोंदींच्या आधारे तक्ते करतात तेव्हा चंद्र-सूर्यांच्या पुष्कळ चाली एकत्र धरलेल्या असतात.

सुट्टी संपेपर्यंत भाचा रोज धक्क्यावर जायचा. पाणी ज्या पायरीपर्यंत येऊन थांबलं तिथे खडूची खूण करायचा आणि वहीत वेळ लिहायचा. शेजारी दोन रकाने: पाऊणकीने किती, चार पंचमांशाने किती. पहिले सहा-सात दिवस पाऊणकीचा रकाना खऱ्या वेळेच्या जवळ होता. एकादशीला पाऊणकीचे सव्वाआठ वाजले, तरी पाणी चढतच होतं. चार पंचमांशाचे ८ वाजून ४८ मिनिटं झाली, तरी वरची पायरी कोरडीच होती. तो टॉर्च घेऊन तिथेच बसून राहिला आणि मी त्याचं जेवण झाकून ठेवलं.